नळीचा आज कितवा दिवस?

घरातील वडीलधारे माणूस अतिदक्षता विभागात असले की आपले सारे जग त्या काचेच्या दारापाशी येऊन थांबते. सकाळ-संध्याकाळ मिळणाऱ्या पाच-दहा मिनिटांच्या भेटीत काय विचारावे, हेही सुचत नाही. अशातच पाचव्या-सहाव्या दिवशी डॉक्टर सांगतात, ‘‘न्यूमोनिया आटोक्यात येत होता, पण पुन्हा ताप आला आहे. रक्त कल्चरला पाठवले आहे. नवा संसर्ग असावा.’’ इतक्या देखरेखीखाली असताना हा संसर्ग झालाच कसा, हा प्रश्न तेव्हा कोणाच्याही मनात येतो. त्याचे उत्तर समजून घेतले, तर त्या दाराबाहेर बसूनही आपल्याला काही करता येते.

आपली त्वचा ही शरीराची तटबंदी होय. अतिदक्षता विभागात रुग्णाचा जीव वाचवण्यासाठीच या तटबंदीला वाटा पाडाव्या लागतात. मानेजवळच्या मोठ्या शिरेत ‘सेंट्रल लाइन’ घातली जाते, मूत्राशयात नळी म्हणजे कॅथेटर असतो, तर व्हेंटिलेटरची नळी थेट श्वासनलिकेत जाते. या प्रत्येक वाटेने जिवाणू आत शिरू शकतात आणि नळी जितके दिवस राहील तितका हा धोका वाढत जातो. वार्धक्य, मधुमेह, दुबळी मूत्रपिंडे यांमुळे प्रतिकारशक्ती आधीच मंदावलेली असते. त्यातच या विभागात प्रतिजैविकांचा वापर मोठा असतो. औषधाने साधे जिवाणू मरतात, औषधाला न जुमानणारे मात्र उरतात आणि वाढतात.

क्लेब्सिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास ही नावे आपण अहवालात वाचली असतील. यांपैकी अ‍ॅसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावरही अनेक दिवस तग धरतो. पलंगाचा कठडा, यंत्राची कळ, न धुतलेला हात यांवरून तो एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातो. अशा जिवाणूंवर कार्बापेनेम गटातील प्रभावी औषधेही चालेनाशी झाली, की डॉक्टरांना कोलिस्टिनसारख्या जुन्या औषधाकडे वळावे लागते. मूत्रपिंडांना अपाय होतो म्हणून हे औषध एकेकाळी मागे पडले होते. आज तेच हाताशी उरलेल्या मोजक्या औषधांपैकी एक ठरते.

मोजदाद कशी होते?

या संसर्गांवर नजर ठेवण्याची एक साधी पद्धत आहे. समजा, एका विभागात आज दहा रुग्णांना मूत्रनलिका आहे. त्या दिवशीच्या नोंदवहीत दहा ‘नळी-दिवस’ लिहिले जातात. महिनाभर असेच चालले तर तीनशे नळी-दिवस होतात. तेवढ्या काळात तीन रुग्णांना नळीमुळे संसर्ग झाला, तर हजार नळी-दिवसांमागे दहा, असे प्रमाण निघते. संसर्गनियंत्रणाचे काम पाहणारी परिचारिका ही नोंद ठेवते. प्रयोगशाळा जिवाणू ओळखून त्याच्यावर कोणते औषध चालते आणि कोणते चालत नाही, हे सांगते. असे अहवाल एकत्र केले की त्या रुग्णालयातील जिवाणूंचे चित्र स्पष्ट होते आणि कल्चरचा अहवाल येईपर्यंतचे दोन-तीन दिवस कोणते औषध द्यावे, हे ठरवायला आधार मिळतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ मध्ये प्रतिजैविक-प्रतिरोधाची नोंद ठेवणारे जाळे उभारले. पुढे दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने रुग्णालयातच होणाऱ्या संसर्गांची देशव्यापी नोंद सुरू झाली. २०१७ ते २०२४ या सात वर्षांत ५४ रुग्णालयांच्या २०० अतिदक्षता विभागांतून गोळा केलेल्या माहितीनुसार, सेंट्रल लाइनच्या दर हजार दिवसांमागे रक्तातील संसर्गाचे प्रमाण सुमारे नऊ होते.

हा आकडा वाचून घाबरू नये. तो कमी करता येतो, याचा दाखला अमेरिकेतील मिशिगन राज्याने दिला आहे. तेथील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या मार्गदर्शनाखाली पाच साधे नियम पाळले. हात धुणे, लाइन घालताना रुग्णाला निर्जंतुक चादरीने पूर्ण झाकणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच लाइन काढणे, एवढेच ते नियम. प्रत्येक विभागाला स्वतःच्या संसर्गाचे प्रमाण नियमित कळवले जात असे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दीड वर्षात संसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटले. या यशात नवे औषध कोणतेच नव्हते.

आपण काय विचारावे?

पाचव्या नियमात आपल्यालाही वाटा उचलता येतो. कामाच्या धबडग्यात ‘ही नळी अजून हवी आहे का?’ हा प्रश्न राहून जाऊ शकतो. भेटीच्या वेळी तो नम्रपणे विचारावा : ‘‘डॉक्टर, बाबांच्या लघवीच्या नळीचा आज कितवा दिवस? ती आज काढता येईल का?’’ निर्णय डॉक्टरांचाच, पण विचारणा करणे हा आपला हक्क आहे. कल्चरचा अहवाल आला का, त्यानुसार औषध बदलले का आणि ते किती दिवस चालणार, हेही विचारावे. ‘सर्वांत भारी’ प्रतिजैविकाचा आग्रह मात्र धरू नये. अहवालानंतर साधे औषध पुरेसे ठरले, तर ती आनंदाची बाब समजावी.

रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवले किंवा परिचारिका झगा घालून येऊ लागल्या, तर आपल्या माणसाला वाळीत टाकले असे मानू नये. कधीकधी प्रतिरोधक जिवाणू त्वचेवर वा आतड्यात नुसते वस्तीला असतात, आजार नसतो. तरीही शेजारच्या रुग्णाच्या रक्षणासाठी ही काळजी घ्यावी लागते.

भेटीला जाताना आणि परतताना हात स्वच्छ करावेत. सर्दी-खोकला असेल तर जाऊ नये. अंगारा लावावासा वाटणे स्वाभाविक आहे, पण आधी परिचारिकेला विचारावे आणि नळ्यांना हात लावू नये. तीर्थ परस्पर तोंडात घालू नये. गिळण्याची शक्ती क्षीण झालेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत ते उतरू शकते.

घरी आल्यावर

सुटी मिळताना सर्व कल्चर अहवाल मागून घ्यावेत आणि एका फाइलमध्ये ठेवावेत. पुन्हा कोठेही दाखल व्हावे लागले, तर ती फाइल पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या हाती द्यावी. योग्य औषध निवडताना तिचा मोठा उपयोग होतो. कॅथेटरसह घरी पाठवले असेल, तर लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली राहील, पण जमिनीला टेकणार नाही, असे पाहावे. ती हाताळण्यापूर्वी व नंतर हात धुवावेत. नळी कधी बदलायची वा काढायची, ती तारीख लिहून घ्यावी. वयोवृद्धांना संसर्गात नेहमी ताप येतोच असे नाही. अचानक भ्रमिष्टासारखे बोलणे, गुंगी येणे, जेवण सोडणे हीही पहिली लक्षणे असू शकतात. असे दिसताच डॉक्टरांना कळवावे. उरलेल्या गोळ्या मनाने देऊ नयेत.

भेटीला जाताना खिशात एक छोटी वही ठेवावी. कोणती नळी कोणत्या तारखेला घातली, कल्चर कधी पाठवले, कोणते औषध केव्हा सुरू झाले, एवढे तीत रोज लिहावे. रुग्णालयाच्या नोंदवहीत आपले माणूस इतर अनेकांपैकी एक असते. आपल्या वहीत ते एकटेच असते, त्यामुळे एखादी नळी गरजेपेक्षा एक दिवस जास्त राहिली, तर ते आपल्या लक्षात येण्याची शक्यता अधिक असते.