फोन आपला, नंबर कोणाचा?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत गावोगावचे भंगार येऊन पडते. मोडक्या मोटारींचे सांगाडे, फुटकी यंत्रे, गंजलेले पत्रे. त्यांतल्या कित्येकांवर कोणी ना कोणी केव्हातरी नंबर ठोकलेले असतात. भट्टीत रस झाला की ते सारे नंबर पुसले जातात आणि दुसऱ्या बाजूने सळई बाहेर पडते ती कारखान्याचे नवे नाव अंगावर घेऊन. यात कोणाला काही गैर वाटत नाही, वाटण्याचे कारणही नाही. जुनी वस्तू संपली, नवी जन्मास आली. परंतु वस्तू तीच ठेवून तिच्यावरचा नुसता नंबर बदलायचा म्हटले की मामला निराळा होतो. मोटारीच्या चासीवरचा नंबर खरवडणाऱ्याला आपण सरळ चोर म्हणतो. मग फोनच्या पोटातला नंबर शे-दोनशे रुपयांत बदलून देणाऱ्याला आपण हुशार कारागीर का म्हणावे?

हा नंबर म्हणजे आपण एकमेकांना देतो तो दहा आकडी नंबर नव्हे. तो सिमकार्डाचा. सिम काढून दुसऱ्या फोनात घातले की तो त्याच्याबरोबर जातो. मी म्हणतो तो नंबर पंधरा आकडी असून खुद्द यंत्राचा आहे. त्याला ‘आयएमईआय’ असे अवघड नाव आहे. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी बटणे दाबली की तो पडद्यावर उमटतो. दोन सिमांचा फोन असेल तर असे दोन नंबर दिसतात. पहिल्या आठ आकड्यांवरून फोनची जात कळते, म्हणजे कोणत्या कंपनीचे कोणते मॉडेल ते. पुढचे सहा त्या एका यंत्राचे स्वतःचे. शेवटचा आकडा मोठा गमतीचा आहे. आधीच्या चौदा आकड्यांवर एक ठरावीक बेरीज करून तो काढतात, म्हणजे लिहिताना एखादा आकडा चुकला तर हिशेब जुळत नाही आणि चूक लगेच उघडी पडते. ही युक्ती हान्स पीटर लून नावाच्या गृहस्थांची. १९६० साली तिचे पेटंट त्यांना मिळाले, आणि आपल्या बँकेच्या कार्डावरचा लांबलचक नंबरही याच हिशेबाने तपासला जातो.

ज्यांच्या घरी पूर्वी रेडिओ होता त्यांना यंत्राचा नंबर सरकारदरबारी नोंदण्याचे नवल वाटू नये. रेडिओ घ्यायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे, दरवर्षी पैसे भरून त्या पुस्तिकेवर तिकिटे चिकटवून घ्यावी लागत. १९८० नंतरच्या दशकात ही कटकट संपली. रेडिओ आपल्या पैशाने घेतलेला, पण हवेतून येणाऱ्या लहरींशी त्याचा संबंध, म्हणून सरकारचा त्याच्यावर डोळा. त्याला आधार होता तो १८८५ सालच्या तारयंत्रविषयक कायद्याचा. मोबाइल फोनच्या नंबराशी छेडछाड करू नये असा नियम २०१७ साली निघाला तोही याच कायद्याच्या आधारे, ही गोष्ट मला मोठी मौजेची वाटते. कडकट्ट करणाऱ्या तारायंत्रासाठी साहेबाने केलेला कायदा खिशातल्या फोनापर्यंत येऊन पोहोचला!

तत्पूर्वी एक प्रकरण घडून गेले होते, ते आता बहुतेकजण विसरले आहेत. २००८-०९ च्या सुमारास चिनी बनावटीच्या स्वस्त फोनांचा सुळसुळाट झाला होता. मोठा आवाज, दोन सिम, वर बॅटरीचा उजेड. आठवडी बाजारात असे फोन भाजीसारखे विकले जात. त्यांतल्या कित्येकांना हा पंधरा आकडी नंबरच नसे, किंवा पंधराच्या पंधरा शून्ये असत. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर असे निनावी फोन म्हणजे देशाच्या सुरक्षिततेला धोका, हे सरकारच्या ध्यानी आले आणि ३० नोव्हेंबर २००९ च्या मध्यरात्रीनंतर त्यांच्यावरचे बोलणे बंद करण्याचा हुकूम निघाला. गोरगरिबांचे फोन एकदम मुके होऊ नयेत म्हणून मोबाइल कंपन्यांच्या संघटनांनी ठरवून दिलेल्या केंद्रांवर १९९ रुपयांत अस्सल नंबर बसवून देण्याची सोय केली होती. सोय चांगली होती, परंतु माझा तर्क असा की, फोनमध्ये नंबर ‘मारून’ मिळतो ही समजूत लोकांच्या मनात तेव्हाच पक्की बसली. ती केंद्रे गेली, समजूत मात्र राहिली.

२०१७ च्या नियमाने ती सोडायला सांगितली. उत्पादकाखेरीज कोणीही हा नंबर जाणूनबुजून काढणे, पुसणे, बदलणे बेकायदा. आणि तसा बदल झाल्याचे माहीत असून ते साहित्य किंवा सॉफ्टवेअर वापरणे वा जवळ बाळगणे हेही बेकायदा. पुढे जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा झाला. त्याचे ४२ वे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि गुन्हा अजामीनपात्र. पन्नास लाख! फोनची किंमत पंधरा हजार आणि दंडाची मर्यादा ही. इंग्लंडात असा कायदा २००२ सालीच झाला होता. तिथे कैद पाच वर्षांपर्यंत आहे.

फोन चोरीचा आहे की तुमच्या स्वकष्टाचा, हे आपला नियम विचारीत नाही. कित्येकांचा घोटाळा होतो तो इथेच. फोन बंद पडला, दुकानदाराने ‘सॉफ्टवेअर मारले’, त्यात मूळ नंबर उडाला आणि रेंज येईना. मग दुकानदार सहज म्हणतो, “थांबा साहेब, दुसरा नंबर टाकून देतो.” त्याच्या मते ही दुरुस्ती, २०१७ च्या नियमात मात्र सूट फक्त उत्पादकाला होती. म्हणून असा फोन कंपनीच्या अधिकृत केंद्रातच न्यावा. तिथे मुख्य बोर्ड बदलला तर नंबरही बदलू शकतो, परंतु त्याची पावती मिळते. ती जपून ठेवावी.

दुसऱ्याचा नंबर आपल्या फोनात आला तर काय होते, ते २०२० साली मेरठ येथे दिसले. एका पोलीस अधिकाऱ्याचा फोन दुरुस्त होऊन आला, त्यानंतर त्यातला नंबर निराळा निघाला. आणि तपास करता तोच एक नंबर देशभरात तेरा हजारांहून अधिक फोनांत चालू असल्याचे आढळले. तेरा हजार घरांची एकच जन्मपत्रिका! त्यांतल्या एखाद्याने कोणाला धमकी दिली असती तर पोलिसांनी कोणाच्या दारावर थाप मारायची?

आमच्या महाविद्यालयात घनसावंगी तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. कापूस विकून वडिलांनी तिला एका दुकानातून जुना फोन घेऊन दिला. “ओळखीतले आहात, बिल कशाला?” असे म्हणून दुकानदाराने डबा तेवढा दिला. वर्गात एकदा या पंधरा आकड्यांचा विषय निघाला आणि तिने तपासून पाहिले. तास संपल्यावर ती थांबून राहिली. “सर, डब्यावरचा नंबर येगळा हे अन् फोनातला येगळा.” संध्याकाळी वडिलांनी दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, “काही नसतं त्याचं, सॉफ्टवेअर मारलं की बदलतो.” दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचे खाते, परीक्षेचे सारे निरोप त्याच फोनवर. तिने विचारले, “म्हणजे सर, मी बघितलंच नसतं तर बरं झालं असतं का?”

मी भाषेचा माणूस, वकील नव्हे. पण कायद्यातला ‘माहीत असून’ हा शब्द त्या मुलीने नेमका पकडला होता. काल सकाळपर्यंत तिला माहीत नव्हते, म्हणून ती निर्दोष. दुकानदाराचे उत्तर ऐकल्यावर माहीत झाले, आणि त्यापुढे फोन तसाच वापरीत राहणे अडचणीचे. अज्ञान सोयीचे होते हे मी तिला कबूल केले. मात्र चोरीला गेलेल्या फोनचा मूळ मालकही कोणी अशीच मुलगी असेल, हेही म्हटले. तिच्या वडिलांनी फोन आणि डबा घेऊन पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आणि फोन तिथेच ठेवला. दुकानदाराकडून निम्मे पैसे आले, तेही पाच-सहा खेपांनंतर. उरलेल्या वर्षाचे अर्ज तिने कार्यालयातल्या संगणकावर बसून भरले.

दिवाळीत घरोघरी नवा फोन येतो आणि जुना धाकट्याकडे किंवा बाजारात जातो, म्हणून हे थोडे तपशिलाने लिहिले. जुना फोन घेताना बटणे दाबून आलेला नंबर, डब्यावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर तिन्ही एक आहेत ना, ते पैसे देण्यापूर्वी पाहावे. ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे, मग जागा सोडून तो नंबर, असा संदेश १४४२२ वर पाठवला की फोनची जातकुळी कळते. पडद्यावर एक कंपनी आणि हातात दुसरी, असे दिसले तर फोन तिथेच ठेवून यावे.

आपला फोन हरवला तर पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत, सिमकार्डाची दुसरी प्रत आणि हा नंबर एवढे घेऊन ‘संचार साथी’वर अर्ज करता येतो. या व्यवस्थेचा पहिला प्रयोग सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत सुरू झाला, तो महाराष्ट्रासाठी. २०२३ च्या मे महिन्यात ती साऱ्या देशाला खुली झाली. एकदा बंदी घातली की कोणत्याही कंपनीचे सिम घाला, तो फोन चालत नाही. आणि कोणी सिम घातलेच तर त्याचा माग पोलिसांना लागतो. चोराला नंबर बदलावासा वाटतो तो यासाठीच. फोन सापडून घरी आला की बंदी उठवण्याचा अर्ज मात्र आपणच करावयाचा असतो. तो राहिला तर फोन हातात असून मुका बसतो.