लिहिण्यापुरता लॅपटॉप

दिवाळी झाली की आमच्या पाचूबंदरात बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळायला लागतात. वसईच्या किल्ल्याकडून चालत आलात तर आधी वास येईल, मग गाव दिसेल! पण २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस अवकाळी पाऊस आला आणि वाळत घातलेला माल भिजला. भिजलेला बोंबील पुन्हा वाळवून चालत नाही, त्याला किडे पडतात. आमच्या बचत गटातल्या एका काकींचा चारशे किलो माल असा फुकट गेला.

नुकसानीचा अर्ज लिहायला अर्थातच मी. बी.ए. मराठी केलेलं, त्यामुळे लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून कुठलाही कागद आला की "बाय, तूच लिव" ठरलेलं. मजकूर मी मोबाइलवर अंगठ्याने टाइप केला आणि स्टेशनजवळच्या एका सायबरवाल्याला पाठवला. त्याने तो त्याच्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करून प्रिंट काढून दिली. गर्दी होती, काकींना बाजारात जायची घाई होती, मी वरवर नजर फिरवली, सह्या झाल्या, अर्ज कचेरीत गेला. रात्री झेरॉक्स वाचायला घेतली तर चारशे किलोचे झाले होते चाळीस. टाइप करणारा चुकला हे खरं, पण न वाचता सही घेतली ती मीच ना!

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण गटाकडे लॅपटॉप होता की! २०२२ मध्ये माझ्याच आग्रहाने घेतलेला, कोरा करकरीत, तेवीस हजारांचा. दिसायला इतका देखणा की पहिल्या दिवशी त्याला हळदीकुंकू लावलं. वर्षभरात तो असा मंदावला की सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचे. शेवटी तो कपाटात गेला आणि आम्ही पुन्हा सायबरच्या रांगेत.

तो का मंदावला हे मला आत्ता आत्ता कळलं. मी पाहिलं होतं काय, तर रंग, वजन आणि 'नवा आहे' एवढंच. आत होती फक्त ४ जीबी मेमरी आणि कामं साठवायला ६४ जीबीची जागा, तीही मोबाइलमध्ये असते तशा धिम्या चिपवर. विंडोजच स्वतःचे नवे नवे अपडेट भरून ती जागा अडवून बसतं. मग तुमचं अर्धं पान लिहायलासुद्धा त्याला घाम फुटतो. दोन खोल्यांच्या घरात पंचवीस पाहुणे आल्यासारखं!

गटाच्या सभेत पुन्हा लॅपटॉपचा विषय काढायला तोंड कुठे होतं मला? तरी काढला. एक मावशी सरळ म्हणाल्या, "पहिल्याचे पैसे पाण्यात गेले, आता दुसऱ्याचे?" त्यांचं काय चुकलं? टोपली डोक्यावर घेऊन कमावलेल्या पैशातला महिन्याचा हप्ता असतो तो. ज्यांचे चारशेचे चाळीस झाले त्या काकी मात्र बोलल्या, "घ्या, पण या वेळी नीट बघून घ्या." बावीस हजारांवर एक पैसा नाही, असा ठराव झाला.

मग मी आधी वहीत लिहून काढलं, आपल्याला करायचंय काय? सभेचे वृत्तान्त, कर्जाची वही, निराधार योजनेचे आणि विम्याचे अर्ज, बँकेला पत्रं, आणि खरं सांगू, कधीतरी माझं थोडं स्वतःचं लिखाण. गेम नाहीत, सिनेमे नाहीत. म्हणजे पाहायचं ते तीन गोष्टींकडे : बोटांखालच्या कळा, डोळ्यांसमोरचा पडदा आणि मराठी.

मराठीचं आधी सांगते, कारण दुकानदार त्याबद्दल बोलतच नाहीत. पूर्वी श्री-लिपी किंवा पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम असलं काही टाकल्याशिवाय मराठी उमटत नसे. त्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. आमच्या सायबरवाल्याला माझा मजकूर पुन्हा टाइप करावा लागला तो यामुळेच. त्याचं काम जुन्या फॉन्टवर आणि माझा मोबाइल युनिकोडवर. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो, त्यामुळे 'क' हा वसईतही 'क' आणि दिल्लीतही 'क'. आता विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा या भागात जाऊन मराठी घेतली की फुकटात काम होतं. 'मराठी फोनेटिक' निवडलं तर इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटते. दुसरा असतो इनस्क्रिप्ट, त्यात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. शिकायला वेळ लागतो, पण एकदा बोटांत बसला की मोत्यांसारखं भराभर येतं. मी पंचेचाळिशीत शिकतेय. रोज अर्धा तास, भात शिजेपर्यंत. लिहिण्यासाठी वर्डचे पैसे भरायलाही हवेत असं नाही, लिबरऑफिस फुकट मिळतं आणि आमचं सगळं त्यावर भागतं.

स्वस्त लॅपटॉपचं स्वप्न काही आपलं एकटीचं नाही बरं का. 'शंभर डॉलरचा लॅपटॉप' म्हणून जगभर गाजलेलं ते हिरवं-पांढरं यंत्र २००७ मध्ये आपल्या कर्जतजवळच्या खैरात या छोट्याशा वस्तीतल्या एकशिक्षकी शाळेत मुलांच्या हाती दिलं होतं. शंभर डॉलरमध्ये ते कधी बसलं नाही, किंमत जवळजवळ दुप्पट झाली. पण बनवणाऱ्यांनी एक शहाणपण केलं होतं. धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून कळांवर रबराचं आवरण आणि उन्हातही वाचता येईल असा पडदा. कुठे वापरायचं आहे ते आधी पाहून बनवलेली वस्तू! कळा मुलांच्या बोटांच्या मापाच्या होत्या म्हणून, नाहीतर पाचूबंदरच्या खाऱ्या हवेला तोच बरा होता.

माझ्या भाच्याने सुचवलं, "मामी, नवा स्वस्त घेण्यापेक्षा कंपन्यांनी वापरून काढलेला चांगला घे." जुना म्हटल्यावर माझ्या कपाळावर आठी. पण त्याचं म्हणणं पटलं. ऑफिसांसाठी बनवलेले लॅपटॉप दिवसभर टाइप करायलाच केलेले असतात, कळा खोल, बिजागऱ्या भक्कम. तीन-चार वर्षांनी कंपन्या ते एकदम काढून टाकतात आणि दुकानदार साफसूफ करून विकतात.

इथे एक फसगत मात्र ठरलेली आहे, ती नीट लक्षात घ्या. विंडोज १० ची सुरक्षेची फुकट अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. विंडोज ११ सगळ्या जुन्या यंत्रांवर चालत नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. पिढी ओळखायची कशी? आय५ च्या पुढचा आकडा वाचायचा. आय५-७३०० म्हणजे सातवी, नको. आय५-८३५० म्हणजे आठवी, चालेल. आय५-१०२१० म्हणजे दहावी. दुकानात सातव्या पिढीचे लॅपटॉप स्वस्तात रचून ठेवलेले असतात, आणि "ताई, विंडोज ११ टाकून देतो" असं गोड बोलून गळ्यात मारतात. जुगाड करून टाकलेलं ते पुढे नीट चालेल याची खात्री कोण देणार?

भाच्याने नावंच लिहून दिली : थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ५४९०, एचपी एलिटबुक ८४० जी५. ती चिठ्ठी पर्समध्ये घेऊन आम्ही तिघी लोकलने निघालो, दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. तिसऱ्या दुकानात आमचं जमलं. खुर्चीवर बसून मी सरळ टाइप करायला लागले, 'श्रीमान तहसीलदार साहेब यांस'. दुकानातला मुलगा बघतच राहिला! पण कळ अडकते का, हे टाइप केल्याशिवाय कसं समजणार? पहिल्या लॅपटॉपवर अनुस्वार आणि रफार पुसट दिसत होते, डोळे ताणावे लागत. कारण पडद्याचे ठिपके कमी, १३६६ बाय ७६८. दुसऱ्याचा १९२० बाय १०८०, त्यावर 'र्‍या'सुद्धा स्वच्छ. मराठी लिहिणारणीने पडदा मराठी वाचूनच निवडावा.

मग बॅटरी. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. भाच्याने शिकवलेला मंत्र मी कागदावरून वाचून मुलाला टाइप करायला लावला : पॉवरसीएफजी, जागा सोडून तिरकी रेघ, बॅटरीरिपोर्ट. यंत्र बॅटरीचा सगळा इतिहास काढून देतं. नवी असताना किती धरत होती, आता किती धरते. आमची निम्म्याच्या थोडी वर होती. मुलाने मुकाट्याने दुसरी बसवून दिली. मोबाइलचं नेट जोडूनही पाहिलं, कारण एखाद्या यंत्रावर जुन्या कंपनीचं कुलूप राहिलेलं असतं आणि नेट लागलं की ते डोकं वर काढतं.

८ जीबी मेमरी, २५६ जीबीची एसएसडी, सहा महिन्यांची हमी आणि पक्कं बिल. एकवीस हजार पाचशे. "मेमरी पुढे वाढवू" असं म्हणून ४ जीबीचा घेऊ नका, त्याच सुमारास मेमरीच्या चिपांचे भाव जगभर चढायला लागले होते. उरलेल्या पाचशेत दोन पेनड्राइव्ह घेतले. वडापाव आम्ही स्वतःच्या पैशांनी खाल्ला.

घरी आल्यावर खरा शत्रू म्हणजे खारी हवा. ती लोखंड खाते तिथे लॅपटॉपचं काय! तो समुद्राकडच्या खिडकीत ठेवत नाही. झाकणाच्या मोठ्या डब्यात, औषधांच्या बाटलीत येतात तसल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते. आणि रोज थोडा वेळ सुरू करते, म्हणजे आतल्या उबेने दमटपणा जातो. मासळीच्या हाताने शिवायचं नाही, हे तर गटाने ठरावातच घालून टाकलं.

पहिलं काम काकींचा दुरुस्तीचा अर्ज. त्या माझ्या शेजारी पाटावर बसल्या. '४००' उमटलं तेव्हा त्यांनी बोट लावून शून्यं मोजली, एक, दोन. मग म्हणाल्या, "अक्षरात पण लिव." मी कंसात 'चारशे' लिहिलं. पेनड्राइव्ह घेऊन प्रिंट काढून आणली, या वेळी दोघींनी दोनदा वाचली आणि कचेरीत देऊन पोच घेतली. उत्तराची वाट बघतोय.

लॅपटॉप कोणाकडे राहणार यावरून सभेत थोडी कुरबुर झालीच. माझ्याकडे ठेवला तर माझा मुलगा त्यावर क्रिकेट बघेल, अशी रास्त शंका होती. शेवटी तोडगा निघाला : लॅपटॉप माझ्या घरी आणि चार्जर अध्यक्ष काकींच्या घरी.