यमुनाबाई वाईकर आणि बैठकीची लावणी

ढोलकीच्या तालावर रंगमंच गाजवणारी फडाची लावणी सर्वांच्या परिचयाची आहे. बैठकीची लावणी मात्र मोजक्याच जाणकारांनी ऐकली आहे. ही नजाकतीची लावणी सातारा जिल्ह्यातल्या यमुनाबाई वाईकरांनी आयुष्यभर गायली आणि पुढच्या पिढीला शिकवली.

बालपण आणि पहिली तालीम

यमुनाबाईंचा जन्म 31 डिसेंबर 1915 रोजी कोल्हाटी समाजातल्या एका गरीब कुटुंबात झाला. पोटासाठी लहानपणीच त्यांना गावोगाव खेळ करावे लागले. लावणीचे पहिले धडे त्यांना आई गीताबाईंनी दिले. पुढे ‘यमुना-हिरा-तारा वाईकर संगीत पार्टी’ उभी राहिली आणि वाई या गावाचे नाव त्यांच्या नावाला कायमचे जोडले गेले.

बैठकीची लावणी म्हणजे काय?

यात कलावंतीण बसून गाते. साथीला पेटी आणि तबला असतो, लय संथ असते आणि गायकी ठुमरीच्या जवळ जाते. पायांचे काम थांबल्यामुळे सगळा भार चेहरा, डोळे, मान आणि हातांवर येतो. एकच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची आणि दर वेळी तिचा नवा अर्थ अदाकारीतून दाखवायचा: कधी रुसवा, कधी विनवणी, कधी थट्टा. दिल्लीत कथ्थक नर्तक पंडित बिरजू महाराजांबरोबर झालेल्या यमुनाबाईंच्या कार्यक्रमामुळे कथ्थकच्या रसिकांनाही या अदेची ताकद कळली.

गुरुसमोरची शिकवणी

चाल स्वरलिपीत लिहिता येते, पण अदा कागदावर उतरत नाही. शब्द कुठे लांबवायचा, नजर कधी खाली घ्यायची, हे गुरुसमोर बसूनच उमगते. त्यामुळे यमुनाबाईंनी तरुण मुलींना दिलेली तालीम त्यांच्या कार्यक्रमांइतकीच मोलाची आहे.

मानसन्मान

1995 मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि 2012 मध्ये, वयाच्या 96व्या वर्षी, पद्मश्री मिळाली. 15 मे 2018 रोजी, 102 वर्षांच्या असताना त्यांचे निधन झाले.

पुढे काय हवे?

बैठकीची लावणी टिकवायची तर जाणत्या कलावंतिणींना गुरूचे मानधन मिळायला हवे आणि शिकणाऱ्या मुलींना तालमीच्या वर्षांत पोटाची चिंता नसावी. पुरस्कार उतारवयात येतात. मदत मात्र शिकण्याच्या वयात मिळाली पाहिजे.