पीसी चालू होत नाही? आधी तो कुठे अडतो ते बघा!

"माझा पीसी चालू होत नाही" ही तक्रार हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर ऐकू येते. लगेच चार जण जमतात. एक म्हणतो मदरबोर्ड उडाला, दुसरा म्हणतो एसएमपीएस बदल, तिसरा तर विंडोजची पेनड्राइव्ह घेऊनच येतो. पण "चालू होत नाही" म्हणजे नेमकं काय होतं, हे कुणी विचारत नाही. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत संगणक ठरावीक पायऱ्या चढत असतो. तो कोणत्या पायरीवर अडला हे कळलं, की निम्मं काम झालं.

शहरात सीपीयू रिक्षात टाकून दुकानात नेता येतो. माझं गाव पोशेरा, पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात. तिथून कॅबिनेट घेऊन जायचं म्हणजे एसटीचा प्रवास, भाडं आणि दिवस गेला. त्यात जव्हार-मोखाड्याचा पाऊस! म्हणून तिथे अंदाजाने पार्ट बदलणं परवडत नाही.

पायरी १ : वीज

ना दिवा, ना पंखा? मग सॉकेट, यूपीएस, पॉवर केबल आणि एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच क्रमाने तपासा. १९९५ साली एटीएक्स पद्धत आली, तेव्हापासून पुढचं बटण वीज थेट जोडत नाही. ते मदरबोर्डला फक्त इशारा देतं आणि बोर्ड एसएमपीएसला जागं करतो. त्यामुळे पीसी बंद असला तरी बोर्डावर ५ व्होल्ट असतातच. आत हात घालण्याआधी केबल काढा आणि पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा.

एसएमपीएसचा २४ पिनांचा कनेक्टर बोर्डातून काढून हिरवी आणि काळी वायर जोडली की त्याचा पंखा फिरायला हवा. मल्टिमीटरवर पिवळ्या वायरला १२, लालला ५ आणि नारिंगीला ३.३ व्होल्ट मिळाले पाहिजेत, फरक ५ टक्क्यांच्या आत. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस लोड घेईलच असं मात्र नाही. आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. केबल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट राहू शकतात.

पायरी २ : पंखा फिरतो, स्क्रीन काळी

विंडोजच्या आधी बायोस स्वतः प्रोसेसर, रॅम आणि डिस्प्ले तपासतो. याला 'पोस्ट' म्हणतात. आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीतही ही तपासणी होती. स्क्रीनच नसेल तर बायोस बोलणार कसा? बीप देऊन! नव्या बऱ्याच बोर्डांवर बीपऐवजी छोटे एलईडी असतात.

मामा पोशेऱ्यात झेरॉक्स आणि फॉर्म भरण्याचं छोटं दुकान चालवतात. जुलैत, ऐन ॲडमिशन आणि स्कॉलरशिपच्या दिवसांत, त्यांचा फोन आला. "अरे, पंखा फिरतो पण स्क्रीनवर काहीच नाही. एक दुरुस्तीवाला म्हणतो मदरबोर्ड गेला." पाड्यांवरून पोरं भिजत फॉर्म भरायला येत होती आणि परत जात होती. मी म्हटलं, "मामा, फोन जरा कॅबिनेटजवळ धरा आणि चालू करा." थांबून थांबून लांब बीप ऐकू आली. त्यांच्या पीसीत ॲवॉर्ड बायोस आहे आणि त्यात ही खूण रॅमची. शिवाय बोर्ड मेलेला असता तर बीप दिली कुणी?

धूळ आणि दमट हवा यांनी रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर बसतो. मामांनी रॅम काढली, पट्टीवर साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवला, कचरा झटकला आणि दोन्ही बाजूंच्या खटक्या बसेपर्यंत रॅम दाबली. डिस्प्ले आला!

बीपच येत नसेल तर उलटी युक्ती करा. सगळी रॅम काढून पीसी चालू करा. आता बीप आली तर प्रोसेसर आणि बोर्ड बहुधा जिवंत आहेत. कॅबिनेटमध्ये छोटा स्पीकर आहे ना, एवढं आधी बघा. बोर्डावरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले तर मात्र दुकान गाठावं लागेल.

पायरी ३ : लोगो येतो, पुढे अडतं

मामांचं काम तरी संपलं नव्हतं. विंडोज आलं, पण फॉर्मची वेबसाइट उघडेना, कारण तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती. पीसीची तारीख चुकली की ब्राउझरला साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र खोटं वाटतं. दोष सीएमओएस सेलचा, म्हणजे सीआर२०३२ या ३ व्होल्टच्या नाण्याएवढ्या सेलचा. पावसात वीज बराच काळ गेली की दमलेला सेल उघडा पडतो. सेल बदलला, तारीख लावली आणि फॉर्म सुरू झाले. मदरबोर्डचा खर्च वाचला.

सेल गेल्यावर बायोसच्या सेटिंग्जही मूळ जागी जातात. लेगसी-यूईएफआय किंवा साटा मोड बदलला तर चांगली हार्ड डिस्कही 'बूट डिव्हाइस नाही' असं दाखवते. बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतं का ते पाहा. दिसत नसेल तर साटा केबल आणि पॉवर केबल काढून पुन्हा लावा.

पायरी ४ : विंडोज अर्ध्यात थांबतं

इथे आल्याबरोबर फॉरमॅट मारू नका! विंडोज १० आणि ११ मध्ये लागोपाठ बूट फसलं की रिकव्हरीचा निळा स्क्रीन बहुधा आपोआप येतो. तिथे स्टार्टअप रिपेअर आणि सेफ मोड आहे. त्याआधी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून पीसी चालू करून प्रोजेक्ट आणि जर्नल कॉपी करून घ्या. विंडोज परत टाकता येतं, सबमिशन परत लिहावं लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाला हाक मारण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा : दिवा लागतो का, पंखा फिरतो का, बीप किती आणि कशी, स्क्रीनवर शेवटचं वाक्य कोणतं. खोलीत एक स्क्रूड्रायव्हर, एक खोडरबर आणि एक नवा सेल ठेवा. हे एवढं लिहिलेलं असलं तर फोनवरूनही मदत करता येते.