रस्ता रुंद झाला, गिऱ्हाईक कुठे थांबणार?

बाजारपेठेत टेप आणि रंगाचा डबा घेऊन महापालिकेची माणसे उतरली, दुकानाच्या पायरीपाशी लाल खूण झाली, की व्यापाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पायरी जाणार, गाड्या लावायची जागा जाणार, सहा महिने खोदकाम चालणार आणि तेवढ्यात गिऱ्हाईक दुसऱ्या पेठेची वाट धरणार, अशी धास्ती असते. ही धास्ती खोटी नाही. परंतु रस्ता कसा आखतात आणि त्यात आपल्या धंद्याची बाजू कोणत्या टप्प्यावर मांडता येते, याची माहिती आमच्या बहुतेक दुकानदार व कारागीर बंधूंना नसते. पुणे शहराने गेल्या वीस वर्षांत रस्त्यांवर बरेच प्रयोग केले, काही जमले आणि काही फसले. म्हणून पुण्याचेच उदाहरण घेऊन हा विषय वाचकांपुढे मांडत आहोत.

१९९१ च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत सुमारे १५ लाख ६७ हजार माणसे होती. २०११ च्या जनगणनेत हाच आकडा ३१ लाख २४ हजारांवर गेला. म्हणजे वीस वर्षांत शहर दुप्पट झाले. पुढे २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे हद्दीत आली. हिंजवडी, खराडीच्या संगणक कंपन्यांतला पगारदार तरुण शहरात आला, त्याच्यासोबत कोरेगाव पार्क आणि फर्ग्युसन रस्त्यावरची कॅफे आली, कपड्यांची मोठमोठी शोरूम आली. आणि प्रत्येकाची गाडी आली. २०१८ साली नोंदणी झालेल्या वाहनांचा आकडा ३६ लाखांपुढे जाऊन शहराच्या अंदाजित लोकसंख्येलाही मागे टाकून गेला. इकडे रविवार पेठ, नाना पेठ, भवानी पेठ येथील गल्ल्या मात्र टांग्याच्या आणि बैलगाडीच्या काळातल्याच राहिल्या.

अशा वेळी पहिला उपाय सुचतो तो रस्ता रुंद करण्याचा किंवा वरून पूल टाकण्याचा. हा उपाय का पुरत नाही, ते साध्या हिशेबाने समजते. सिग्नल हिरवा असताना एका रांगेतून साधारण दोन सेकंदाला एक मोटार सुटते. हिरवा दिवा निम्मा वेळच मिळतो असे धरले, तर मिनिटाला पंधरा मोटारी झाल्या. रस्ता दोन चौकांच्या मध्ये कितीही रुंद असो, चौकातून जेवढ्या सुटतील तेवढ्याच पुढे जाणार. त्यात डावीकडे एक टेंपो उभा राहिला की ती अख्खी रांगच बाद होते. शिवाय रुंद केलेला रस्ता पाहून, पूर्वी बसने किंवा दुसऱ्या वाटेने जाणारा माणूसही गाडी काढतो. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ सालीच सांगून ठेवले होते की शहरातला मोठा रस्ता वाढवला की गर्दीच्या वेळची वाहतूक तो पुन्हा भरून टाकते. पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० साली मेट्रोच्या कामासाठी पाडावा लागला. त्याला उभारून पंधरा वर्षेच काय ती झाली होती. तेवढ्या काळातही चौकातली कोंडी काही हटली नव्हती, हे तिथून रोज जाणाऱ्याला विचारून पाहावे.

महापालिकेने २०१६ साली पादचाऱ्यांसाठीचे धोरण आणि रस्ते आखण्याचे नियम मंजूर केले, त्यांचा रोख याच अनुभवावर आहे. वाहनांना लागेल तेवढी सलग रुंदी द्यायची आणि उरलेली जागा चालणाऱ्याला द्यायची. जंगली महाराज रस्त्यावर या नियमांप्रमाणे रुंद पदपथ, बसायला बाके, झाडांना आळी आणि सायकलसाठी पट्टा असे काम झाले. असा पदपथ तीन पट्ट्यांचा असतो, ही गोष्ट दुकानदाराने नीट ध्यानात ठेवावी. दुकानाला लागून साधारण अर्धा ते एक मीटरचा पट्टा गिऱ्हाइकाला थांबून माल पाहण्यासाठी असतो. मधला पट्टा चालण्याचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांनुसार तो कमीत कमी १.८ मीटर मोकळा हवा, बाजाराच्या रस्त्यावर त्याहून जास्त. रस्त्याकडेचा तिसरा पट्टा झाड, खांब, कचरापेटी, विजेची पेटी आणि परवानाधारक फेरीवाला यांच्यासाठी. पदपथाची उंची १५ सेंटिमीटरहून अधिक असू नये. नाही तर म्हातारी माणसे आणि बाळाला कडेवर घेतलेल्या बायका खालूनच चालतात. दुकानदाराने माल मधल्या पट्ट्यात मांडला की त्याच्याच दारातून चालणारे गिऱ्हाईक रस्त्यावर उतरते आणि समोरच्या बाजूला निघून जाते.

आता गाड्या लावण्याचा प्रश्न. आमच्या व्यापाऱ्यांचा खरा राग इथेच असतो. पार्किंग गेले की धंदा गेला, असे सरसकट बोलले जाते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहरातील ग्लॉस्टर रोड या बाजारात २००६ साली दुकानदारांना विचारण्यात आले की शंभरातली किती गिऱ्हाइके मोटारीने येतात. त्यांचा अंदाज ४१ निघाला. गिऱ्हाइकांनाच विचारले तेव्हा खरा आकडा २२ भरला. निम्म्याहून अधिक लोक पायी येत होते. परदेशातले गणित जसेच्या तसे पुण्याला लागू होणार नाही, कारण आपल्याकडे स्कूटर आणि मोटारसायकलचे राज्य आहे. पण मोटारीने आलेला गिऱ्हाईक डोळ्यांत भरतो आणि चालत आलेला लक्षात राहत नाही, हा माणसाचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच.

आणखी एक हिशेब करू. मोटार उभी करायला पाच मीटर लांबीची जागा लागते. पेठेतल्या पुष्कळ दुकानांचे तोंड दहा फूट, म्हणजे तीन मीटर असते. एक मोटार दीड दुकान झाकून टाकते. त्याच जागेत पाच दुचाक्या सहज बसतात. ती मोटार सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत हलली नाही, तर दिवसभरात एका माणसाची सोय झाली. अर्ध्या तासाची मर्यादा पाळली गेली, तर त्याच जागेत २२ गाड्या येऊन जातील. आणि स्पष्ट बोलायचे तर दिवसभर न हलणारी ती गाडी बहुधा गिऱ्हाइकाची नसते. ती आपली, भागीदाराची किंवा शेजारच्या दुकानातल्या मुलाची असते. पुण्यात पी-१, पी-२ ची पद्धत आहे, विषम तारखेला एका बाजूला आणि सम तारखेला दुसऱ्या बाजूला. दुकानदार मंडळी तारीख पाहून गाडी या बाजूची त्या बाजूला नेतात, एवढाच काय तो फरक. २०१८ साली महापालिकेने पैसे घेऊन पार्किंगचे धोरण मंजूर केले. त्यावर इतका गदारोळ झाला की पुढे कित्येक वर्षे अंमलबजावणी रखडली. वेळेप्रमाणे दर असता तर जागा लवकर रिकामी झाली असती आणि त्याचा फायदा दुकानालाच झाला असता, असे आमचे मत आहे. ते सर्वांना पटणार नाही, हे आम्ही जाणून आहोत.

लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने 'पादचारी दिन' पाळला. बाजाराचा एक भाग दिवसभर गाड्यांना बंद ठेवला आणि लोक रस्त्याच्या मधोमध चालत खरेदीला आले. पुढच्या वर्षांतही हा दिवस पाळला गेला. पण वर्षातला एक दिवस म्हणजे जत्राच. जत्रेवरून रोजच्या धंद्याचा अंदाज बांधू नये, ना चांगला ना वाईट. अधिक भरवशाची गोष्ट मेट्रोची आहे. २९ सप्टेंबर २०२४ पासून जमिनीखालची मेट्रो स्वारगेटपर्यंत धावू लागली. मंडई आणि कसबा पेठ ही तिची स्थानके जुन्या बाजाराच्या पोटातच आहेत. फडके हौदाजवळ उतरलेला माणूस बोहरी आळीत पायीच येणार. त्याला नीट चालता आले तरच येणार.

येथपर्यंत आम्ही चालणाऱ्याची बाजू मांडली. परंतु नकाशे काढणाऱ्यांचेही एका बाबतीत नेहमी चुकते, आणि ती बाब म्हणजे माल. घाऊक व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक पायी येईल, पण लोखंडाचे बंडल, प्लायवूडचे तक्ते, पत्र्याचे डबे पायी येत नाहीत. दिल्लीच्या चांदनी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला झाला. सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना मनाई करण्यात आली. रस्ता देखणा झाला. पण माल उतरवायचा तो रात्री किंवा पहाटे. म्हणजे रात्री दुकान उघडे ठेवा, हमाल थांबवून ठेवा, त्याची जादा मजुरी द्या. पुण्यातल्या मध्यभागात अवजड वाहनांना दिवसा मनाई असते, त्यामुळे छोटा हत्ती आणि हातगाडी यांच्यावरच सारा व्यवहार चालतो. नकाशात दर शंभर-दीडशे मीटरवर एक टेंपो उभा राहील अशी खाच आणि सकाळच्या दोन-तीन तासांची ठरलेली वेळ मागून घेतली, तर हा प्रश्न बराच सुटतो. हातगाडी चढेल असा उतार पदपथाला हवा, हेही त्याच वेळी सांगावे लागते. काम झाल्यावर पदपथ फोडून खाच कोणी करून देत नाही.

आगीच्या बंबाचाही विचार व्हावा. मार्च २०२१ मध्ये पुण्याच्या कॅम्पात दहा-बारा दिवसांच्या अंतराने शिवाजी मार्केटला आणि फॅशन स्ट्रीटला आग लागली. फॅशन स्ट्रीटवर एका रात्रीत चारशेहून अधिक स्टॉल जळाले. एकाला एक चिकटलेली दुकाने आणि अरुंद वाट असली की आग दुकान मोजत बसत नाही. बंबाची वाट मोकळी ठेवायला सर्वांत आधी व्यापाऱ्यांच्या संघटनांनी पुढे यायला हवे.

सुधारलेल्या रस्त्याची एक बाजू सहसा कोणी बोलून दाखवत नाही. रस्ता चांगला झाला की जागेचे भाडे वाढते. जिथे घड्याळ दुरुस्त करणारा, पिशव्या शिवणारा, चाव्या करणारा बसतो, तिथे उद्या कॉफीचे दुकान येते. मालकाला आनंद, भाडेकरूला नोटीस. ज्यांचा करार तोंडी आहे त्यांनी काम सुरू होण्यापूर्वीच तो लेखी करून घ्यावा. रस्तारुंदीत दुकानाचा पुढचा भाग जाणार असेल तर मोबदल्याचा व्यवहारही बहुधा जागेच्या मालकाच्या नावाने होतो. भाडेकरूला उरलेल्या जागेत दुकान मिळेल की नाही, हे मालकाकडून आधीच लिहून घेतलेले बरे.

पदपथावर धंदा करणाऱ्यांसाठी २०१४ चा फेरीवाला कायदा आहे. हा कायदा केवळ भाजी-कपडे विकणाऱ्यांचा नाही. रस्त्यावर बसून लोकांना सेवा देणाराही त्यात येतो, म्हणून चप्पल शिवणारा किंवा कुलूप-किल्लीवाला यालाही नोंदणीचा हक्क आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे देईपर्यंत कोणाला उठवता येत नाही. जागा बदलायची तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर त्याची यादी मिळालीच पाहिजे, आणि दंड भरून मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत द्यावा लागतो. शहर फेरीवाला समितीत चाळीस टक्के सभासद फेरीवाल्यांचे प्रतिनिधी असतात. मात्र प्रमाणपत्र भाड्याने देता येत नाही, आणि दुकानाबाहेर टेबल टाकणारा दुकानदार हा फेरीवाला होत नाही. त्याचे अतिक्रमण ते अतिक्रमणच.

राहिला प्रश्न कधी आणि काय बोलायचे याचा. रस्त्याची नवी रेषा ठरवताना आयुक्तांना किमान एक महिना आधी वृत्तपत्रांत जाहीर नोटीस द्यावी लागते आणि त्या रस्त्यावरही ती लावावी लागते. एकेरी वाहतूक किंवा पार्किंगचे बदल वाहतूक पोलीस आधी तात्पुरत्या आदेशाने करतात आणि हरकती-सूचना मागवतात. हरकत द्यायची ती याच मुदतीत. खोदकाम सुरू झाल्यावर दुकाने बंद ठेवून मोर्चा काढला तर फोटो छापून येतो, नकाशा बदलत नाही. आणि 'आमचे नुकसान होईल' एवढेच लिहून दिले तर ते फायलीत पडून राहते. त्यापेक्षा आठवड्यातले तीन दिवस प्रत्येक दुकानाने बिलबुकाच्या कडेला एक अक्षर लिहावे: पायी, दुचाकी, मोटार, रिक्षा की बस. मेट्रोचीही खूण असावी. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत किंवा दिवाळीच्या तोंडावर ही मोजणी करू नये, तो आकडा फसवा निघतो. ज्या दिवशी पेठ बंद असते तो दिवसही सोडावा. सोबत कोणत्या दुकानात किती वाजता, किती वेळ टेंपो उभा राहतो, याची नोंद घ्यावी. चाळीस दुकानांचे असे कागद एकत्र केले, त्यांची बेरीज एका पानावर मांडली आणि टेंपोच्या खाचा कुठे हव्यात ते नकाशाच्या प्रतीवर तांबड्या पेन्सिलीने दाखवले, की पथ विभागाच्या अभियंत्यासमोर बसून बोलता येते. अर्ज संघटनेच्या नावाने करावा, त्यावर भाडेकरू आणि फेरीवाले यांच्याही सह्या घ्याव्यात, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.