घाम वाळत नाही तिथे

बागलाणातला नामपूरकर मे महिन्यात मुंबईतल्या नातेवाइकांकडे गेला की पहिली तक्रार घामाची करतो. त्याच्या मोसम खोऱ्यात पारा चाळिशी गाठतो, मुंबईत बहुधा ३३-३४ वर थांबतो. तरी जीव कासावीस होतो तो मुंबईतच! घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला तरच अंग गार होतं. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता सोबत नेतो. पण मुंबईच्या हवेत आधीच बाष्प खच्चून भरलेलं. मग घाम वाळत नाही, ओघळतो.

रात्रीही सुटका नाही. बागलाणातली कोरडी जमीन दिवस मावळताच निवू लागते. समुद्र सावकाश निवतो, आणि हवेतलं बाष्प उष्णता धरून ठेवतं. दुपारचा खारा वारा तेवढा सुखाचा. तोही फुकट नाही: त्यातले मिठाचे कण ओल ओढतात आणि खिडकीचे गज पापुद्रे सुटेपर्यंत गंजतात.

जाताना कौतुकाने कांद्याची गोणी मात्र नेऊ नका. हवेशीर कांदाचाळीत महिनोन्महिने टिकणारा उन्हाळ कांदा तिथल्या दमट खोलीत लवकरच काळ्या बुरशीने माखतो. पाच किलो पुरे.