चेतक : साठीतलं राबतं यंत्र

डिसेंबर २०२२मध्ये हवाई दलाचं एक चेतक हेलिकॉप्टर तांत्रिक बिघाडामुळे बारामतीजवळ उतरवावं लागलं. आतली सगळी माणसं सुखरूप राहिली. निरवांगीपासून बारामतीपर्यंतच्या नीराकाठाला हेलिकॉप्टरचं अप्रूप नाही. निवडणुका लागल्या की पुढाऱ्यांची घिरट्या घालतातच. पण असं लष्करी हेलिकॉप्टर अचानक उतरलं की ‘थोडक्यात बचावले’ अशी चर्चा होते. मला त्यात वैमानिकांची शिस्त दिसते. बिघाडाची शंका येताच पुढचा मुक्काम गाठायचा हट्ट सोडून वेळेत जमिनीवर येणं, हे त्यांच्या अंगी बाणवलेलं असतं.

चेतक म्हणजे मूळचं फ्रेंच ‘अलुएत-३’. १९५९ साली ते पहिल्यांदा उडालं. बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवाना घेऊन साठच्या दशकात ते इथे बांधायला घेतलं आणि पुढे अशी तीनशेहून अधिक हेलिकॉप्टरं तयार केली. वैमानिकासह सात जणांची जागा, मुख्य पंख्याला तीन पाती, खाली तीन चाकं, समोर जवळजवळ पायापर्यंत काच. आणि इंजिन एकच.

ते एकमेव इंजिन हवेत बंद पडलं तर? हेलिकॉप्टर दगडासारखं कोसळतं, हा समज चुकीचा आहे. वैमानिक डाव्या हाताचा दांडा तत्काळ खाली दाबतो. त्यामुळे पात्यांचा कोन कमी होतो. इंजिन आणि पंखा यांची जोडणी आपोआप सुटते आणि खाली येताना खालून वर घुसणारी हवाच पाती फिरवत ठेवते. जत्रेतली भिंगरी वाऱ्यावर फिरते तशी. जमीन जवळ आली की तो नाक वर उचलून वेग मारतो आणि अगदी शेवटच्या क्षणी दांडा वर ओढतो. फिरत्या पात्यांत साठलेली ताकद त्या एका ओढीत खर्ची पडते आणि चाकं टेकतात. दांडा लवकर ओढला तर ताकद हवेतच संपते. उशिरा ओढला तर आदळतं. दुसरी संधी नसते. म्हणूनच प्रशिक्षणात हे पुन्हा पुन्हा घोटून घेतात.

इंदापूर-बारामतीसारख्या बागायती मुलखात जागा शोधणंही सोपं नाही. उभ्या उसात उतरता येत नाही, आणि शेताशेतांतून गेलेल्या विजेच्या तारा वरून दिसतच नाहीत. खांब दिसला तरच तारेचा अंदाज येतो. तोडणी झालेलं रान किंवा पडीक माळ बरा, पण तिथे धुरळा उठून क्षणभर जमीन दिसेनाशी होते. हेलिकॉप्टर उतरलं की गाव लोटतं. मुख्य पंखा सगळ्यांना दिसतो, शेपटीचा लहान पंखा मात्र फिरताना दिसत नाही, आणि जीव घेणारा तोच. पाती पूर्ण थांबेपर्यंत लांब राहावं आणि शेपटीकडे तर फिरकूच नये, हे पोरांना शाळेतच सांगायला हवं.

हवाई दलात चेतकपेक्षा बलदंड यंत्रं आहेत. २०१९मध्ये आलेलं चिनूक तोफा उचलून नेतं, अपाचे रणगाडे फोडतं, आणि २०२२मध्ये दाखल झालेलं स्वदेशी ‘प्रचंड’ उंच डोंगरांत लढण्यासाठीच घडवलं आहे. पुरात मदतीला येतं ते बहुधा एमआय-१७. जुलै २०२१च्या कोकणातल्या महापुरात ती हेलिकॉप्टरं धावून आली होती. डिसेंबर १९७१च्या युद्धात मेघना नदीवरचा पूल तुटला, तेव्हा एमआय-४ हेलिकॉप्टरांनी सैनिक पलीकडे उतरवले आणि ढाक्याची वाट मोकळी झाली. लढाईचा नकाशा तिथे हेलिकॉप्टरांनी बदलला.

तरी माझा जीव चेतकमध्ये आणि त्याच्याच जातीचं इंजिन असलेल्या चीतामध्ये अडकतो. एप्रिल १९८४मध्ये सियाचीनवरच्या बिलाफोंड ला खिंडीत आपले पहिले जवान चीता हेलिकॉप्टरांनीच उतरवले. आजही त्या हिमनदीवर आजारी जवानाला खाली आणायचं, रॉकेल आणि रसद पोचवायची, तर या छोट्या यंत्रांचा मोठा आधार असतो.

एप्रिल २०२२मध्ये हवाई दलाने हकीमपेटला चेतकच्या सेवेची साठ वर्षं साजरी केली. त्या सेवेचा मला अभिमान आहे, पण साठहून अधिक वर्षांपूर्वीच्या आराखड्यावर आजच्या वैमानिकांनी अजून किती काळ विसंबायचं? चेतकच्या जागी रशियन कामोव्ह-२२६ घेण्याचा करार २०१५मध्ये झाला आणि रेंगाळला. आपलं स्वतःचं हलकं हेलिकॉप्टर २०१६मध्ये उडालं. ते बांधण्यासाठीच्या तुमकुरू इथल्या कारखान्याचं उद्घाटन व्हायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. तिथलं काम आता क्षणभरही रेंगाळता कामा नये.